गाय आणण्याआधी घरातली माणसं मोजा : छोट्या गोठ्यावर संसार सुरू करणाऱ्यांसाठी

लग्न होऊन मी जुन्नर तालुक्यात आले तेव्हा गाय कोणती आणि कालवड कोणती, हेसुद्धा मला ओळखू येत नव्हतं. माहेर चिंचवडचं, वडील कंपनीत. इथे दावणीला तीन एचएफ (होल्स्टीन फ्रीजियन जातीच्या) गाई, एक म्हातारी म्हैस, पाच-सहा शेळ्या आणि अंगणभर कोंबड्या. पहिल्याच आठवड्यात आत्या म्हणाल्या (आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात), "घड्याळ बांध हातात, पण येळ गाय सांगंल." मला तो टोमणा वाटला होता.

त्याला आता चौदा वर्षं झाली. हल्ली ओळखीतली मंडळी, कुणी नोकरी सोडून, कुणी निवृत्त होऊन, "आम्हालाही चार गाई घ्यायच्यात" म्हणून घरी येतात. गोठ्याचं माप विचारतात, गायीची किंमत विचारतात, अनुदान किती ते तर हमखास विचारतात. पहाटे पाचला धार कोण काढणार, हे अजून एकानंही विचारलेलं नाही. तिथूनच सुरुवात करते.

पहिलं काम : कागदावर नावं

एक कोरा कागद घ्या. डावीकडे दिवसाची कामं लिहा. शेण काढणं, धार, दूध डेअरीवर घालणं, वैरण कापून आणणं, कुट्टी (वैरण बारीक करणं), पाणी, वासरं पाजणं, आणि संध्याकाळी यातलं निम्मं परत. प्रत्येक कामापुढे घरातल्या एकाचं नाव लिहा. मग त्या नावापुढे दुसरं नाव लिहा, कारण पहिल्याला ताप येणारच आहे. "सगळे मिळून करू" असं मात्र लिहू नका. सगळे मिळून याचा अर्थ घरातली सून करेल, असाच निघतो. अनुभवानं सांगते.

हातानं धार काढत असाल तर दोन दुभत्या गाईंना सकाळ-संध्याकाळ मिळून चार-साडेचार तास जातात. वैरण रानातून आणायला लांब जावं लागत असेल तर जास्तच. घरात दोन धडधाकट माणसं आहेत आणि त्यांना शेतीचं किंवा नोकरीचं दुसरंही काम आहे, तर दोनच गाई घ्या. त्यांची वासरं होतीलच, म्हणजे दावणीला चार तोंडं झाली. चार-पाच दुभत्या गाई हव्या असतील तर एक माणूस पूर्णवेळ गोठ्याचा लागतो.

दोन्ही गाई एकदम ताज्या व्यालेल्या घेऊ नका. एक ताजी, एक पाच-सहा महिन्यांची गाभण अशी घ्या. म्हणजे पहिली आटेपर्यंत दुसरी दुधावर येते आणि घरात येणारा पैसा थांबत नाही.

आणि डेअरीचं खातं कुणाच्या नावावर काढायचं, तेही याच कागदावर ठरवा. गावोगावी खातं पुरुषाच्या नावावर आणि शेणात हात बाईचे, असं आहे. आमच्याकडे आत्यांनी पाटावर बसूनच ठरवून टाकलं, पैसा जिची धार तिच्या खात्यात. त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता. तिसऱ्या दिवशी सगळे बोलायला लागले, कारण गाईंना अबोला समजत नाही.

चारा गायीच्या आधी

नवखे लोक आधी गाय आणतात आणि मग वैरण शोधायला निघतात. उलटं करा. चारशे किलोच्या दुभत्या संकरित गायीला दिवसाला साधारण २० ते २५ किलो हिरवा चारा आणि ५ ते ६ किलो कोरडा लागतो. दोन गाईंचा नुसता कोरडा चारा वर्षाला चार टनांच्या आसपास जातो. कडबा ज्वारी निघाल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडी भरून ठेवायचा. पावसाळ्यात घ्यायला गेलात तर भाव ऐकूनच परत याल.

हिरव्यासाठी पाण्याखालची दहा-पंधरा गुंठे नेपियर गवत आणि चार-पाच गुंठे मेथीघास (लसूणघास), एवढं दोन गाईंना पुरतं. नेपियर एकदा लावली की तीन-चार वर्षं कापत राहायची. उन्हाळ्यासाठी मक्याचा मुरघास करा. कणसातले दाणे चिकात असताना मका कापायचा, बारीक कुट्टी करायची, बॅगेत तुडवून तुडवून हवा काढायची आणि तोंड घट्ट बांधून ४५ दिवस हात लावायचा नाही. बॅगेला उंदरानं भोक पाडलं की तेवढा भाग काळा पडतो, बुरशी येते. तो फेकून द्या. "थोडंसंच आहे, खाईल गाय" असं म्हणू नका.

आमच्याकडे दिवाळीनंतर ऊसतोड सुरू झाली की वाढे (उसाचे हिरवे शेंडे) स्वस्त मिळतात. दोन-तीन महिने नुसत्या वाढ्यांवर गाई ठेवणारे खूप आहेत. वाढ्यांतल्या ऑक्झॅलेटमुळे अंगातलं कॅल्शियम कमी होतं, आणि नेमकी व्यायच्या वेळी गाय खाली बसते, तिला उठता येत नाही. वाढे द्या, पण निम्म्या वैरणीपुरते, आणि रोज खनिज मिश्रण चुकवू नका. मेथीघास नुसता भरपूर घातला तर पोट फुगतं, म्हणून तो कडब्याच्या कुट्टीत मिसळायचा. कोवळ्या ज्वारीच्या फुटव्यात जनावर सोडू नका. विषबाधा होते आणि डॉक्टर पोहोचेपर्यंत वेळ मिळत नाही.

आंबोणाचा, म्हणजे खुराकाचा हिशोब सोपा आहे. शरीरासाठी दीड-दोन किलो, आणि गायीच्या दर अडीच लिटर दुधामागे एक किलो. म्हशीला दर दोन लिटरमागे एक किलो. बारा लिटरच्या गायीला साडेसहा किलोच्या आसपास झालं. पेंडीची गोणी घरात येते त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहा. गोणी किती दिवस पुरली हे कळलं की नफा-तोटा सांगायला दुसरा कुणी लागत नाही.

गाय बघायला जाताना

काष्टीचा शनिवारचा बाजार गाईंसाठी, नेवासे तालुक्यातल्या घोडेगावचा शुक्रवारचा म्हशींसाठी. आमच्याजवळचा बेल्ह्याचा सोमवारचा. बाजार बघायला जरूर जा, भाव कळतो, डोळा तयार होतो. पहिली गाय मात्र ओळखीच्या गोठ्यातून घ्या, जिथे तिची आई आणि तिचं मागचं वेत (बाळंतपण) पाहिलेलं कुणीतरी असेल.

धार पिळून बघायची ती तीन वेळा. पहिल्या संध्याकाळी आपल्यासमोर कास पूर्ण रिकामी करून घ्यायची आणि ते दूध मोजायचंच नाही. मोजायचं दुसऱ्या दिवशी सकाळचं आणि संध्याकाळचं. विकणारा आदल्या वेळचं दूध तुंबवून ठेवतो, आणि कास बघून घेणारा भुलतो. चारही सड, म्हणजे कासेची आचळं, स्वतःच्या हातानं पिळा. एखादा भाग गरम, कडक लागला किंवा धारेत गुठळी आली तर हात जोडून परत फिरा.

आम्ही एकदा फिरलो नाही. कास घागरीएवढी होती, आणि "प्रवासानं सूज आलीय, मिठाच्या पाण्यानं शेकली की उतरंल" असं दलाल म्हणाला. तिसऱ्या दिवशी पाण्यासारखं दूध, पाचव्या दिवशी एक सड कायमचा गेला. ती गाय पुढे तीन सडांवर आमच्याकडे सहा वर्षं राहिली, तो भाग वेगळा.

वय दातांवरून बघतात. दोन दाती म्हणजे दोन-अडीच वर्षांची, चार दाती तीनच्या आसपास, सहा दाती साडेतीन-चार, आणि दात जुळले की साडेचार-पाचच्या पुढची. दुसऱ्या वेताची गाय नवख्याला सगळ्यात बरी. पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच व्यालेली, लाथा मारते आणि तुम्हालाही धार येत नसते, म्हणजे दोन विद्यार्थी आणि शिक्षक कुणीच नाही. कानातला बारा अंकी पिवळा टॅग बघा आणि पावतीवर तोच आकडा लिहून घ्या. शक्य असेल तर पशुवैद्यकाकडून ब्रुसेला (गाय गाभडते तो रोग) आणि क्षयाची तपासणी करून घ्या. आणलेली गाय तीन आठवडे वेगळी बांधा, जुन्या जनावरांच्या गव्हाणीला तिचं तोंड लागू देऊ नका.

पहाट

आमच्या घरात पावणेपाचला पहिला दिवा लागतो. चहा नंतर. आधी गोठ्यात जाऊन नुसतं उभं राहायचं. कोण उठलंय, कोण बसलंय, काल टाकलेली वैरण कुणी शिल्लक ठेवली, शेण पातळ आहे का, कुणाच्या मागच्या बाजूला सोट (चिकट स्राव) आहे का. पाच मिनिटं लागतात. हे काम कुणाला सोपवू नका. डॉक्टरांच्या आधी आजार ओळखणारी नजर याच पाच मिनिटांत तयार होते.

मग शेण काढून जागा कोरडी करायची. त्यानंतरच कासेला हात. कोमट पाण्यानं सड धुवायचे आणि स्वच्छ कोरड्या फडक्यानं पुसायचे, प्रत्येक गायीचं फडकं वेगळं. ओल्या हातानं धार काढायची सवय गावात सर्रास आहे, ती लावून घेऊ नका. कासेवरून ओघळलेलं घाण पाणी थेट सडाच्या तोंडाशी जातं. प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या वाटीत घ्यायच्या. काळ्यावर पांढरी गुठळी लगेच दिसते. त्या धारा जमिनीवर मारू नका, आणि बादलीत तर नकोच.

सड धुतले, कास चोळली की गाय पान्हा सोडते. तो पान्हा सहा-सात मिनिटंच टिकतो, तेवढ्यात पिळून संपवायचं. मध्ये फोन आला, कुत्रं भुंकलं, अनोळखी पाहुणा गोठ्यात घुसला, की गाय दूध चोरते. माझ्या जाऊबाई माहेरी गेल्या आणि मी त्यांच्या गायीखाली बसले, तर तिनं दोन दिवस निम्मंच दूध दिलं. तिसऱ्या दिवशी मी जाऊबाईंची जुनी साडी नेसून बसले. हसू नका, दूध आलं.

अंगठा दुमडून, अंगठ्याच्या पेरानं सड दाबायची पद्धत बऱ्याच घरांत आहे. त्यानं सडाला आतून इजा होते. पूर्ण मुठीनं पिळायला शिका. पहिले पंधरा दिवस मनगटं इतकी दुखतात की पोळी लाटता येत नाही. नंतर जातं. शेवटच्या धारा सोडू नका, फॅट त्यांच्यातच सगळ्यात जास्त असतं आणि कासेत राहिलेलं दूध आजाराला बोलावतं. पान्हा सोडावा म्हणून इंजेक्शन देणारे भेटतील. त्यांना गोठ्याच्या दाराबाहेरच ठेवा.

धार झाली की सड जंतुनाशकाच्या द्रावणात बुडवायचे आणि लगेच गव्हाणीत वैरण टाकायची. खाण्यासाठी गाय अर्धा तास उभी राहते, तोवर सडाचं उघडलेलं तोंड मिटतं. लगेच बसली तर शेणातच कास टेकते. या एका सवयीनं आमच्याकडे दगडीचं, म्हणजे स्तनदाहाचं प्रमाण निम्म्यावर आलं, असं आमच्या वहीवरून दिसतं.

डेअरीची रांग

साडेसहा ते साडेसात दूध घालायची वेळ. केंद्रावर दूध नुसतं मापून घेत नाहीत, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) काढतात. गायीच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून जाहीर होतो, म्हशीचा ६ आणि ९ धरून. त्याखाली गेलात की पॉइंटमागे पैसे कापतात. पावती रोज बघा. फॅट एकदम घसरलं तर मशीनवर ओरडण्याआधी कोरडा चारा कमी पडतोय का ते बघा, बहुतेक वेळा तेच असतं. तरीही पटलं नाही तर आपल्यासमोर पुन्हा नमुना लावायला सांगायचं, त्यात लाजायचं काही नाही. पैसे बहुतेक ठिकाणी दहा दिवसांनी येतात, आणि पेंडीची उधारी त्यातून परस्पर कापली जाते. म्हणून हातात आलेली रक्कम म्हणजे मिळकत असं समजू नका. त्यातून वैरण, डॉक्टर, लाइट अजून जायचंय.

गायीला प्रतिजैविकं चालू असतील तर ते दूध डेअरीला घालायचं नाही, घरी प्यायचं नाही. किती दिवस, ते औषध देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारून वहीत लिहा. आणि कोल्हापूरकर रागावतील, त्यांच्या कट्ट्यावरच्या धारोष्ण दुधाचा मान ठेवून सांगते, मुलांना कच्चं दूध देऊ नका. उकळूनच द्या. ब्रुसेलोसिस माणसांनाही होतो आणि महिनोन् महिने ताप जात नाही.

दुपार, आणि पोरं

आठ ते दहा घर आपलं असतं. डबे, शाळा, आंघोळी, नाष्टा. गोठा मोकळा असेल, म्हणजे गाई न बांधता आत फिरत्या असतील, तर पाण्याची कटकट वाचते. तारेचं किंवा पाइपचं कुंपण, मध्ये झाडाची सावली, चोवीस तास भरलेला हौद. दुभती गाय दिवसाला ६० ते ८० लिटर पाणी पिते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. दावणीला बांधून दिवसातून दोनदा बादली दाखवली तर ते पोटात जात नाही, आणि दूध म्हणजे बहुतांशी पाणीच. आम्ही २०१६ च्या उन्हाळ्यात गाई मोकळ्या केल्या. दूध वाढलं की नाही यावर घरात दोन मतं आहेत. माझी कंबर सुटली यावर एकमत आहे.

कुट्टीचं यंत्र चालवताना पदर खोचलेला, ओढणी काढलेली, हातात बांगड्या कमी, आणि आसपास एकही पोर नको. गवत अडकलं तर आधी बटण बंद, मग मुख्य स्विच बंद, मग हात. आमच्याच वाडीत एका बाईची तीन बोटं गेलीत. घाई होती, पाहुणे यायचे होते.

शेण हे उत्पन्न आहे हे पहिल्या वर्षी कुणाला पटत नाही. दोन घनमीटरच्या गोबरगॅसला रोज ५० किलोच्या आसपास शेण लागतं, तेवढंच पाणी. चार जनावरांवर तो चालतो आणि पाच-सहा माणसांचा स्वयंपाक होतो. मागून निघणारी स्लरी थेट नेपियरला. सिलिंडर आम्ही सणाला आणि पाहुण्यांना ठेवतो.

पोरांना काम द्या, पण वयाप्रमाणे. सहा-सात वर्षांचं पोर अंडी गोळा करतं, करडांना पाला टाकतं. दहा वर्षांचं वासराला बाटलीनं दूध पाजतं. मोठ्या गायीच्या मागून कुणीही जायचं नाही, ताज्या व्यालेल्या गायीजवळ तर अजिबात नाही, ती गरीब असली तरी. आमची मोठी परीक्षेच्या दिवसांतही वासरू पाजून जाते, आणि धाकटा रोज नवं कारण शोधतो. त्याला मी डेअरीची वही लिहायला बसवलं. आता दहा दिवसांचा हिशोब तो तोंडी करतो आणि फॅट घसरलं की आम्हाला जाब विचारतो.

एक गोष्ट पोरांपासून लपवता येत नाही. संकरित गायीला गोऱ्हा, म्हणजे नर वासरू, झाला की त्याचं काय करायचं? शेतीला तो चालत नाही, ट्रॅक्टर आहे. २०१५ पासून राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळे बाजारात गिऱ्हाईक नाही. काही लोक रात्री सोडून देतात, काही त्याला दूधच पाजत नाहीत. दुसरं जास्त वाईट आहे, असं मला वाटतं. आम्ही गेल्या चार वर्षांपासून कालवडीच (मादी वासरं) होतील अशा लिंगनिर्धारित वीर्यमात्रा वापरतो. त्या महाग पडतात आणि दर वेळी गाय गाभण राहतेच असं नाही, पण शंभरातल्या नव्वदच्या आसपास वेळा कालवड होते. तरीही गोऱ्हा झालाच, तर त्याला मोठा करायचा खर्च आधीच हिशोबात धरा.

भिंतीवरचं कालनिर्णय

आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर एकादशीपेक्षा गाईंच्या नोंदी जास्त असतात. गाय माजावर आली, म्हणजे गाभण राहायच्या वेळेला आली, की तारखेवर गोल. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, म्हणजे रेतन करून घ्यायचं, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. उरुळी कांचनच्या बाएफसारख्या संस्थांनी दारात येऊन कृत्रिम रेतन करायची सोय रुजवली, त्यामुळे आता फोन केला की मोटारसायकलवर माणूस येतो. कोणत्या वळूची मात्रा भरली, ते वीर्याच्या कांडीवरून वाचून लिहून ठेवा.

मग २१ दिवसांनी दुसरा गोल. त्या दिवशी परत माज दाखवला तर उलटली, म्हणजे गाभण राहिली नाही, असं समजायचं. नाही दाखवला तर तीन महिन्यांनी तपासणी. सातवा महिना भरला की आटवायची (दूध बंद करायचं), म्हणजे व्यायच्या आधी दोन महिने कासेला विश्रांती. नऊ महिने नऊ दिवस झाले की व्यायची तारीख. म्हशीला दहा महिने धरा, शेळीला पाच. म्हशीचा माज मुका असतो, हंबरत नाही, उड्या मारत नाही, नुसता थोडा सोट पडतो. तो पहाटेच्या त्या पाच मिनिटांतच दिसतो.

लसींचंही त्याच पानावर. लाळ-खुरकुतीची दर सहा महिन्यांनी, घटसर्प आणि फऱ्याची पावसाळ्याच्या आधी, लम्पीची वर्षातून एकदा. शेळ्यांना पीपीआर या साथरोगाची आणि पावसाळ्याआधी आंत्रविषाराची. सरकारी दवाखान्याचे लोक वाडीवर येतात तेव्हा आपण लग्नाला गेलेलो असतो. म्हणून तारीख विचारून ठेवायची.

व्यायची रात्र

कास भरली, शेपटीच्या दोन्ही बाजूंना खड्डे पडले, गाय सारखी ऊठबस करू लागली की एकानं जागायचं. पाण्याची पिशवी दिसल्यावर तासा-दीड तासात वासराचे दोन पुढचे पाय आणि त्यांवर टेकलेलं तोंड दिसायला हवं. एकच पाय, नुसती शेपटी किंवा काहीच नाही, तर ओढाताण न करता डॉक्टर. चार गडी लावून ओढल्यामुळे गेलेल्या गाई मी पाहिल्यात.

वासरू पडलं की नाका-तोंडातला चिकट सोट पुसायचा, गायीपुढे ठेवायचं, चाटू द्यायचं. नाळेला टिंक्चर आयोडीन. आणि पहिल्या तासाच्या आत चीक. तीस किलोच्या वासराला दिवसभरात तीन लिटर, दोन-तीन वेळा विभागून. वासराला आईकडून मिळणारी रोगाशी लढायची ताकद या चिकातच असते, आणि उशीर झाला की आतड्यांतून ती शोषली जात नाही. खरवस उरलेल्या चिकाचा करायचा. शेजारीपाजारी वाटी घेऊन येतात, त्यांना सांगा, आधी बाळ.

वासरामागची वार आपोआप पडते. बारा तासांत पडली नाही तर डॉक्टर. तिला दगड बांधायचा नाही, ओढायची नाही. गाय गाभडली, म्हणजे तिचा गर्भ पडला असेल तर पडलेलं काहीही उघड्या हातानं उचलू नका. हातमोजे किंवा दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या घालून उचला, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, आणि गरोदर बाईला त्या बाजूला फिरकू देऊ नका.

शेळ्या, कोंबड्या

चार-पाच शेळ्या घराच्या अडीअडचणीचा गल्ला आहे. शाळेची फी आली की एक बोकड कमी होतो. आमच्या शेजारच्या तालुक्याच्या नावाची संगमनेरी इथे चांगली टिकते. कोंबड्यांना वेगळी वेळ द्यावी लागत नाही. खुडूक कोंबडीखाली विषम अंडी ठेवायची ही आत्यांची श्रद्धा, एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात हे विज्ञान. आम्ही दोन्ही पाळतो.

सणावाराचं खाणं

पोळ्याला बैलाला, वसुबारसेला गायीला नैवेद्याचा घास भरवायचा, त्यावर माझं काही म्हणणं नाही. घासच भरवा. आमच्याकडे दिराच्या लग्नात उरलेला भात आणि बुंदी कुणीतरी मायेनं पाटीभर गव्हाणीत ओतली. सकाळी गाय बसलेली, डोळे खोल, रवंथ बंद, शेण पाण्यासारखं आणि आंबूस. पोटात आम्ल झालं होतं. डॉक्टर दोनदा आले, सलाईन लावलं, तिसऱ्या दिवशी गाय गेली. घरात लग्नाचा मांडव अजून उतरवला नव्हता. तेव्हापासून पंगत उठली की गोठ्याच्या दाराला कुलूप घालायचं काम माझं.

फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक १९६२ आहे. गोठ्याच्या दारावर तो ऑइलपेंटनं लिहा, खाली आपल्या डॉक्टरांचा. मोबाईलमध्ये तो असतोच, पण मोबाईल नेमका मुलाच्या हातात आणि चार्जिंग संपलेला असतो. आणखी एक. जनावर लाळ गाळतंय, घोगरं हंबरतंय, गिळता येत नाही, तर घशात काही अडकलंय असं समजून तोंडात हात घालू नका. पिसाळलेलं कुत्रं चावलेलं असू शकतं. बांधून ठेवा, लांब राहा, डॉक्टर बोलवा.

संध्याकाळ आणि बिबट्या

संध्याकाळची धार पाचला. सकाळपासून बारा तासांचं अंतर राखायला हवं म्हणून, आणि आमच्याकडे दुसरंही कारण आहे. जुन्नरच्या उसात बिबट्या राहतो. पाहुणा नाही, रहिवासी. माणिकडोहला त्यांचं निवारा केंद्रच आहे. अंधार पडायच्या आत धार, वैरण, शेण सगळं उरकायचं. शेळ्या, करडं आणि वासरं चारही बाजूंनी जाळी आणि वरून छत असलेल्या खोलीत, आतून-बाहेरून कडी. नुसती चार फुटी भिंत असेल तर ती नसल्यासारखीच. अंगणात दिवा रात्रभर. अंधारात उसाच्या कडेला कुणी ओणवं होऊन, बसून काम करायचं नाही, पोरांना एकटं परसात पाठवायचं नाही, जायचंच तर मोबाईलवर गाणी मोठ्यानं लावून. जनावर नेलंच, तर पंचनामा होईपर्यंत काही हलवू नका आणि लगेच वनविभागाला कळवा, त्यांचा क्रमांक १९२६. पंचनाम्याशिवाय भरपाई मिळत नाही.

रात्री साडेनऊला शेवटची फेरी. ही आमच्या घरात मामांची, म्हणजे सासऱ्यांची. बॅटरी घेऊन जातात, कड्या बघतात, हौदात हात घालून पाणी बघतात, आणि गाई मोजल्यासारखं करत रवंथ बघतात. बसलेल्या गाईंमधल्या निम्म्याहून जास्त रवंथ करत असल्या की परत येऊन "निवांत हायेत" एवढंच म्हणतात आणि झोपतात. एखादी नुसती बघत बसली असेल तर ते परत येत नाहीत. थोड्या वेळानं मी चहा घेऊन जाते.